एक नंबरच्या गाडीचे टायर

६ डिसेंबर

दादा,

क्षेमकुशल पुढच्या पत्रात. आधी काम.

तुझी संत्र्यांची पेटी काल पोचली. नेहमीप्रमाणे आत चिठ्ठी नाही आणि नेहमीप्रमाणे पेटी एकच. अर्धी संत्री पिशवीत भरून मी टेकडीवर नेली. हिसानोने एक सोललं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "आत्या, यंदा गोड आहेत. पाठवणाऱ्याला सांगू नकोस हं, मी खाल्ली म्हणून." मी सांगितलं. तुझी मुलगी तुझी संत्री खाते. बघ आता काय करतोस.

माझ्या दुधाच्या टँकरच्या मागच्या टायरांना राम राहिलेला नाही. फोनवरच सांगणार होते, पण प्रत्येक वेळी वहिनीने उचलला आणि प्रत्येक वेळी तू बागेत होतास. अंधार पडल्यावरही माणूस संत्र्याच्या बागेत असतो होय? शेवटी वहिनीच हळू आवाजात म्हणाली, "पत्र लिहा. पत्र वाचतात ते." म्हणून हा कागद.

तू म्हणशील खोबण बघ. बघितली. खोबण भरपूर आहे, कंपनीने आत ठेवलेली झिजेची खूणही अजून वर आलेली नाही. पण दादा, चौथा हिवाळा आहे त्यांचा. अंगठ्याचं नख दाबलं तर उमटत नाही. टायरवाला ओबा टायरवर बोट वाजवून म्हणाला, "कात्सुएताई, हे रबर नाही, माझ्या सासऱ्याची टाच आहे." ताज्या भुसभुशीत बर्फात ठीक चालतात. बर्फ खोबणीत दाबला जातो, गाडी पुढे जाते. पण हिसानोच्या टेकडीच्या, लार्चच्या झाडीतल्या चढावर ताजा बर्फ कुठे राहतो? वाऱ्याने उडून जातो आणि खाली उरतो तो गाड्यांनी घासून घासून आरसा केलेला. त्या आरशावर खोबण काय करणार? तिथे मऊ रबरच लागतं. हे मी तुला शिकवायचं म्हणजे विनोदच आहे. पण दोन वर्षं झाली तू बर्फ पाहिलेला नाहीस, म्हणून आठवण करून देते.

नवे मागवावेत तर ओबाकडे आमच्या मापाचे नाहीत. फेब्रुवारी संपेपर्यंत येणार नाहीत. हिवाळी टायरची मागणी उन्हाळ्यात नोंदवायची असते, हे तुझंच वाक्य. उन्हाळ्यात मी तुला दोनदा विचारलं होतं. तेव्हाही तू बागेत होतास.

काहीतरी सांग. आपल्या दूधगाड्यांच्या कंपनीचा मालक अजून तूच आहेस.

कात्सुए

१५ डिसेंबर

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "खोबण मोज. खूण वर आली नसेल तर टायर चांगला आहे. चढावर साखळ्या लाव." एवढ्या लांबून एवढंच लिहायचं होतं तर पोस्टमनला तरी कशाला दमवलंस?

साखळ्या लावते मी. पायथ्याशी गाडी थांबवायची, रस्त्यावर आडवं व्हायचं, बोटं बधिर होईपर्यंत साखळ्या चढवायच्या. वर जायचं, दूध घ्यायचं, खाली येऊन पुन्हा काढायच्या, कारण हमरस्ता खरवडून डांबर उघडं केलेलं असतं आणि त्यावर साखळी तुटते. मागच्या खेपेला न काढता निघाले आणि तुटलीच. तुटलेलं टोक मडगार्डवर असं आपटत होतं की मागून येणाऱ्या शाळेच्या बसमधली पोरं टाळ्या वाजवत होती. माझ्या गुडघ्यांचं मी लिहीत नाही. तुला दोन ओळींपेक्षा जास्त वाचायची सवय राहिलेली नाही.

मग कालच्या खेपेला मी वर पोचले नाही. साखळी नाही, टायर असे. अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चाक जितकं फिरतं तितका खालचा आरसा चकचकीत होतो, मग पुढच्या वेळी आणखी फिरतं. पायथ्याच्या पेटीतली वाळू टाकून बघितली. शेवटी उलटी खाली आले आणि तिथून हिसानोला फोन केला.

एक दिवसाआड दूध उचलायचं, म्हणजे त्यांच्या गोठ्यातली टाकी तेव्हा काठोकाठ असते. संध्याकाळच्या धारा काढायच्या तर आधी टाकी रिकामी करायला हवी. ती कुणी केली असेल? तो ताकुतो, तुझा जावई, ज्याला तू "ओसाकाचा बडबड्या" म्हणतोस, तो म्हणत होता थोडं थांबू, वारा पडेल. तुझी मुलगी सरळ गेली आणि तोटी उघडली. दोन दिवसांचं दूध शेणाच्या खड्ड्यात. "गाईंना थांब म्हणता येत नाही आत्या," एवढंच म्हणाली फोनवर. मागे ताकुतोचा आवाज आला, "खड्ड्याला आज मेजवानी!" आणि फोन बंद झाला.

सहकारी संघाचा नियम तुला पाठ आहे. एका हिवाळ्यात तीन वेळा गाडी पोचली नाही, तर तो गोठा यादीतून बाहेर. मग दूध खाली हमरस्त्यापर्यंत ज्याचं त्याने आणायचं. त्यांच्याकडे त्यासाठी ना गाडी ना टाकी. यादीतून बाहेर म्हणजे गाई विकायच्या आणि टेकडी उतरायची, सरळ हिशेब आहे. एक वेळ झाली.

म्हणून स्पष्टच मागते. शेडमध्ये तुझी एक नंबरची गाडी दोन वर्षं ठोकळ्यांवर उभी आहे. तिला चार नवे हिवाळी टायर आहेत, इंजिन फिरवतं त्या मागच्या आसावरच, दोन्ही बाजूंना दोन-दोन, काळ्या कापडात गुंडाळलेले. माझ्या गाडीच्याच मापाचे. मला ते चार दे. फेब्रुवारीच्या शेवटी ओबाचे आले की तुझे परत लावून देईन, पुसून.

हो म्हण. पोस्टकार्डावर एक अक्षर पुरेल.

कात्सुए

२८ डिसेंबर

दादा,

"त्या गाडीला हात लावायचा नाही."

बरं. हात लावला नाही. शेडची किल्ली माझ्याच खुंटीला लटकते आहे आणि मी रोज तिच्याकडे बघत चहा पिते. ती गाडी तुझी, ते टायर तुझे, विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, असं वळण आपल्याला आईने लावलं. विचारलं, तर तू नाही म्हणालास.

मग मी डोकं चालवलं. रिकामी टाकी घेऊन चढ चढताना मागच्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून ती फिरतात. आपण वर्षानुवर्षं आधी टेकडी करतो आणि मग खालचे गोठे, कारण बाबा तसं करायचे. मी क्रम उलटा केला. आधी खालचे सगळे गोठे, मग अर्ध्याहून जास्त भरलेली गाडी घेऊन चढ. थंडी होती उणे अठरा. पायाखालचा बर्फ दळताना जातं वाजावं तसा करकरत होता. अशा थंडीत बर्फ कोरडा असतो, म्हातारा टायरही त्याला धरतो. गाडी एका दमात वर गेली. हिसानो अंगणात उभी होती, तिने दोन्ही हात वर केले, विमान उतरवतात तसे. ताकुतो म्हणाला, "आत्या, तुमचं वजन वाढवलंत की गाडीचं?" मी म्हटलं, "दोन्ही. तुझ्या बायकोने डोनट दिले तर आणखी वाढवेन." येताना टाकी गच्च भरलेली, त्यामुळे आत दूध हिंदकळलं नाही, गाडी डुलली नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न. सगळ्या वाटेत गाणं म्हणत होते मी.

मग नाताळच्या आदल्या दिवशी पारा शून्यावर आला. तुला आठवतं ना, शून्याजवळ काय होतं ते? बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो. अशा दिवशी वजन असो नसो, दगडी रबर त्यावर साबणाच्या वडीसारखं चालतं. साखळीही अजून तुटलेलीच, पहिल्या वळणाच्या पुढे गेलेच नाही. भरलेली गाडी उलटी खाली आणताना माझ्या तोंडून काय काय निघालं, ते आईने ऐकलं असतं तर तिने मला पुन्हा शाळेत घातलं असतं.

दोन वेळा झाली.

संघाचा इगाराशी येऊन गेला. आपल्या चुलीपाशी बसून त्याने हातमोजे वाळवले आणि म्हणाला, "कात्सुएताई, माझं काही वाकडं नाही हो त्या पोरांशी. पण तीसएक गाईंसाठी आख्खी टेकडी? वरचे साहेब मलाच विचारतात."

"मग वरच्या साहेबांना चढ चढायला पाठव," मी म्हटलं.

"ते चढणार नाहीत. त्यांचे टायर बघितलेत मी," तो म्हणाला आणि हसला. हसून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "आणखी एकदा झालं, तर मला नाव खोडावं लागेल."

दादा, मला कळतं तू नाही का म्हणालास ते. ते टायर तू कुणासाठी घेतलेस, हे आपल्या गावात मी सोडून फक्त ओबाला माहीत आहे. हिसानोला मोठ्या गाडीचा परवाना मिळाला तेव्हा तू सबंध शरद ऋतू शिट्टी वाजवत फिरत होतास. पोरीचा एक नंबरवरचा पहिला हिवाळा, म्हणून चारही टायर नवे कोरे. आणि ते लावून झाले त्याच आठवड्यात तिने सांगितलं की ती गाडी चालवणार नाही, गाई पाळणार, त्याही एका ओसाकावाल्याबरोबर. तू म्हणालास, एक हिवाळा काढला तरी खूप झालं. लग्नाला आला नाहीस. वहिनीच्या माहेरी संत्र्यांमध्ये जाऊन बसलास. हा त्यांचा तिसरा हिवाळा आहे.

हरलास हे नीट कबूल तरी कर. टायर दाबून ठेवून जिंकता येत नाही.

कात्सुए

१० जानेवारी

दादा,

नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. छापील. संत्र्याच्या झाडाखाली तू आणि वहिनी. तू जाड झालास.

टायरचं मी बघितलं आहे. माझ्या पुढच्या चाकांचे टायर एका हिवाळ्याने नवे आहेत. ते काढून मागे इंजिनाच्या आसावर, जोडचाकांतल्या बाहेरच्या बाजूला घातले आणि मागचे दोन म्हातारे पुढे आणले. नवे पुढे, जुने मागे हा बाबांचा नियम मोडला. काल गाडी चढली. दूध उचललं, कारखान्यात पोचलं. तुझ्या टायरांना आता आरामात झोपू दे.

बाकी सगळं ठीक.

कात्सुए

१४ जानेवारी

दादा,

बाकी सगळं ठीक नव्हतं. आज ओबाने सांगितलं, तुझा त्याला फोन आला होता. म्हणजे तुला फोन करता येतो. छान. आणि त्याने तुला सगळं सांगितलं, म्हणजे मी लपवण्यात आता अर्थ नाही.

गाडी चढली ते खरं. उतरताना दुसऱ्या वळणावर मी चाक वळवलं आणि गाडी वळली नाही. ब्रेक दाबला नव्हता, गियर खालचा होता, सगळं जसं तू शिकवलंस तसं. पण पुढची चाकं वळलेली आणि गाडी सरळ, अशी मी लार्चच्या झाडांकडे चालले होते. दगडी रबर मागे असेल तर गाडी चढत नाही. पुढे असेल तर वळत नाही. बाबा नवे टायर पुढे का घालायचे, हे मला या वयात कळलं, तेही रस्ता साफ करणाऱ्या नांगराने ढकललेल्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून. तो ढीग तिथे नसता तर हे पत्र वहिनीला दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

ताकुतो ट्रॅक्टर घेऊन आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात विनोद नव्हता. साखळदंड अडकवून त्याने तो दोनदा ओढून बघितला. हिसानो धावत उतरली, माझं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत हात लावून बघितलं आणि मग अशी ओरडली की वर गोठ्यातल्या गाई हंबरल्या.

"आत्या, पुढे म्हातारे टायर? तू? मी असं केलं असतं तर तू मला कानफटात मारली असतीस!"

"मारली असती," मी म्हटलं.

"मग आता मी काय करू?"

"चहा कर."

चहा केला तिने. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "आमच्यासाठी जीव घालवू नकोस. नाव खोडलं तर खोडलं. गाई विकता येतात." हे बोलताना ती खिडकीबाहेर गोठ्याकडे बघत होती. तुझ्यासारखीच आहे, तोंडाने एक बोलते.

दूध कारखान्यात पोचलं, म्हणून ही खेप बुडाली असं इगाराशीला धरता येत नाही. पण गाडी ढिगात गेल्याचं त्याच्या कानावर गेलंच. आता तो म्हणतो, १९ तारखेच्या खेपेला मी स्वतः गाडीत बसणार. साखळ्यांशिवाय वर गेली आणि खाली आली, तर यादीत राहील. रोज साखळ्या लागतात असा चढ संघाच्या गाडीचा चढच नव्हे, असं त्याचं म्हणणं. नाही जमलं, तर त्याच दिवशी नाव खोडणार. आणि हवामानखातं सांगतंय, त्या दिवशी पारा शून्याजवळ.

माझे पुढचे टायर पुढे गेलेत, मागचे मागे. बाबांचा नियम परत जागेवर. म्हणजे ओबाने सांधलेल्या साखळ्या सोडल्या तर चढायला माझ्याकडे काही नाही.

तुझी परवानगी मागणं आता बंद. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत मी शेड उघडलेलं असेल. तू ओबाला फोन केलास, मला नाही. मुलीला तर नाहीच. मला राग कशाचा आला माहीत आहे? तू ओबाला विचारलंस, "गाडीला किती लागलं?"

कात्सुए

२० जानेवारी

दादा,

टायर काढले.

मी एकटी काढणार होते. हिसानोला नुसतं सांगितलं होतं, शेडमधून काही सामान आणायचंय. पण ती सकाळच्या धारा उरकून खाली आली, अंगाला शेणाचा वास, आणि शेडच्या दारात थांबली. दोन वर्षांत ती तिथे आलेली नव्हती. एक नंबरच्या बॉनेटवर धूळ होती. तिने बाहीने नंबर पुसला, बाकी काही केलं नाही.

काळं कापड मी उलगडलं. टायरवर कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच होते. तिने ते बोटांत धरून बघितले.

"आत्या, हे चाललेच नाहीत."

"नाही."

"बाबांनी कधी घेतले हे?"

"तुझ्या परवान्याच्या वर्षी."

ती टायरापाशी वाकली. मग नख दाबलं. उमटलं. उजेड नाही, जमिनीचा भार नाही, म्हणून रबर लोण्यासारखं राहिलेलं. ठेवणं तुला जमतं दादा, हे मान्य. देणं जमत नाही.

"कुणासाठी घेतले होते?" तिने विचारलं.

"तुझ्या बापाला विचार."

"तू सांग ना."

"मी त्याची पोस्टकार्डं वाचून दमलेय. त्याची उत्तरं मी देणार नाही."

मग तिने माझ्या हातातला लांब पाना घेतला आणि नट सोडवायला लागली. काही विसरलेली नाही. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग आडवे. माझ्याकडे बघायचं टाळत होती. मीही तिच्याकडे बघायचं टाळलं. ओबा मदतीला येणार होता, तो आला तेव्हा चारही चाकं माझ्या गाडीला लागलेली होती. तो म्हणाला, "आता माझं दुकान बंद करून संत्री लावू का?"

काल इगाराशी गाडीत बसला. सोबत उशी घेऊन आला, कंबर धरते म्हणे. पारा शून्याच्या किंचित खाली, सकाळी थोडं भुरभुरलेलं, त्याखाली आरसा, वर पाण्याचा पापुद्रा. याहून वाईट दिवस मिळाला नसता. खालचे गोठे करून भरल्या गाडीने पायथ्याशी आले. त्याने वरचं हँडल धरलं.

"कात्सुएताई, खरं सांगा. जाईल?"

"मला काय विचारतोस, टायरला विचार."

पहिल्या वळणावर मागची चाकं जराशी सरकली आणि मग धरलं त्यांनी. दादा, तुला माहीत आहे ते कसं लागतं. कानाने कळत नाही, बुडाखाली कळतं. जमीन गाडीला खालून पकडते. दोन हिवाळे मी ते विसरले होते. चढ चढताना मी पायाने काही केलंच नाही, नुसती बसून होते. उतरतानाही तसंच. वळण आलं, मी चाक वळवलं, गाडी वळली. इगाराशीने हँडल सोडलं आणि उशी पाठीमागे नीट केली.

खाली आल्यावर म्हणाला, "आत्ताच कशाला खोडायचं? मार्चपर्यंत राहू दे. वरच्यांना मी सांगतो."

"काय सांगशील?"

"की मी बसलो होतो आणि मला झोप लागली."

गोठा यादीत आहे. तुझी एक नंबर मागची चाकं नसलेली ठोकळ्यांवर उभी आहे. चोरी केली आहे. काय करायचं ते येऊन कर.

कात्सुए

२७ जानेवारी

दादा,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मी इतकी चिडले आहे की लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

परवा संध्याकाळी धारांच्या वेळी गोठ्यातला फोन वाजला म्हणे. हिसानोच्या दोन्ही हातांत सडं धुवायची भांडी. ताकुतोने उचलला, ऐकलं. फोन त्याने तिच्या कानाशी धरला. ती सांगत होती, तेव्हा मी तिला प्रत्येक शब्द पुन्हा म्हणायला लावला, म्हणून हे जसंच्या तसं आहे.

तू म्हणालास, "नट पुन्हा आवळले का?"

ती म्हणाली, "हो."

"किती चालल्यावर?"

"कारखान्यापर्यंत आणि परत."

"डाव्या बाजूचे मागचे? तेच सैल होतात."

"तेही. मीच आवळले. आत्या पाना धरून होती."

"मग ठीक," म्हणालास आणि फोन ठेवलास.

एवढंच? दोन वर्षांनी पोटच्या पोरीशी बोलायला तोंड उघडलंस ते एवढ्यासाठी? चाक बदललं की थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे, हे या गावात दुधाच्या गाडीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मी ते तुला पत्रात लिहिलं नाही, कारण चहा प्यायल्यावर कप धुतला असंही मी लिहीत नाही. कशी आहेस, विचारायचं होतंस. गाई किती झाल्या, विचारायचं. तो बडबड्या तुला त्रास देतो का, विचारायचं. मी ऐकलं असतं तर हसले असते. ते टायर कुणासाठी होते, ते सांगायचं. आरामात सांगता आलं असतं, फोनवर चेहरा दिसत नाही.

आणि चोरी? चोरीबद्दल एक अक्षर नाही. येऊन भांड, असं मी म्हटलं होतं. तेवढंही तुझ्याकडून झालं नाही.

मी हे सगळं तावातावाने हिसानोला म्हटलं. ती सडं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "आत्या, ओरडू नकोस, दूध चढवून घेतात गाई, पान्हा सोडत नाहीत." मग पुढच्या गाईकडे सरकत म्हणाली, "डाव्या बाजूचं बरोबर सांगितलं त्यांनी. एक नट सैल होता. तुला बोलले नव्हते मी."

म्हणजे तुझ्या फोनच्या आधीच तिने तो आवळला होता. तुला सांगितलं का? नाही. तूही विचारलं नाहीस. दोघं एकाच मातीचे, आणि मधल्या मध्ये मी पत्रं लिहून बोटं झिजवते.

ऐक, दादा. बाबा नट एकदा आवळून सोडून देत नव्हते. पहिल्या फेरीनंतर एकदा आणि आठवड्याने पुन्हा. हिसानोला ते पाठ आहे, मलाही आहे, आणि शनिवारी आम्ही ते करणार आहोत. आम्हाला पाठ आहे हे तू मात्र विसरलास असं समज. रविवारी धारांच्या वेळी फोन कर आणि विचार, पुन्हा आवळले का म्हणून. ती हो म्हणेल. तेव्हा लगेच ठेवू नकोस.

कात्सुए